फुकट आणि वाया

मराठी भाषेने एका शब्दावर फार मोठा अन्याय केला आहे आणि तो शब्द म्हणजे 'फुकट'. ज्याला पैसे पडले नाहीत तेही फुकट आणि जे वाया गेलं तेही फुकट! 'पास फुकट मिळाला' म्हणून सकाळी हसणारा माणूसच 'संध्याकाळ फुकट गेली' म्हणून रात्री कपाळाला हात लावतो. शिवाय याच शब्दाच्या बिऱ्हाडात 'फुकट्या' राहतो आणि 'फुकटचा फौजदार'ही राहतो. असल्या शेजारात एखादी सज्जन वस्तू राहायला गेली तर तिचं नाव खराब व्हायचंच.

इंग्रजांची अडचण जरा निराळी. त्यांच्या 'फ्री' या एकाच खोलीत 'मोफत' आणि 'मोकळा' असे दोन भाडेकरू कोंबलेले आहेत. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८३ साली सर्वांना मोकळेपणी वापरता येईल अशी 'ग्नू' नावाची संगणक-प्रणाली लिहायचा संकल्प सोडला. मी किमतीबद्दल बोलत नसून स्वातंत्र्याबद्दल बोलतो आहे, हे समजावून सांगण्यात त्यांचं आयुष्य चाललं आहे. आपल्याकडे 'मोफत' आणि 'मुक्त' असे दोन स्वतंत्र शब्द तयार आहेत. पण आपण म्हणणार 'फुकट', आणि तेही नाक मुरडून.

हा सगळा विचार मला करावा लागला तो 'आवराआवर'मुळे. 'आवराआवर' हा मी निवृत्तीनंतर घरच्या घरी लिहिलेला एक लहानसा संगणक-प्रोग्रॅम. आपल्या संगणकात 'नवीन', 'नवीन १', 'फायनल', 'फायनल खरं' अशा नावांच्या फायलींचा जो माळा झालेला असतो, तो आवरायचा. डाव्या बाजूला एक कप्पा, उजव्या बाजूला दुसरा. इथलं उचला, तिथं ठेवा. मुंजीचा एकच फोटो पाच ठिकाणी असला तर तो पाचही ठिकाणं दाखवतो आणि विचारल्याशिवाय काही पुसत नाही. दोन कप्प्यांची कल्पना माझी नाही. ती १९८६ सालच्या नॉर्टन कमांडरची. तो विकत मिळे. पुढे १९९४ साली मिगेल दे इकासा या मेक्सिकोच्या तरुणाने त्याच धर्तीवर 'मिडनाइट कमांडर' लिहायला घेतला आणि जगाला वाटून टाकला. तो आजही चालतो. मीही तेच केलं. ज्याला हवा त्याला प्रोग्रॅम दिला आणि सोबत त्याची लिहिलेली मूळ संहिताही दिली.

आणि मग मंडळींचे प्रश्न सुरू झाले.

पहिला प्रश्न, 'यात तुमचा फायदा काय?' आता मला सांगा, शेजारच्या वहिनी वाटी घेऊन विरजण मागायला येतात तेव्हा आमची ही त्यांना कोटेशन देते का? फार तर 'तिन्हीसांजेला दही देऊ नये हो' एवढंच म्हणते आणि तरीही देते. त्यात निदान चमचाभर दही तरी कमी होतं. प्रोग्रॅमची प्रत दिली तर माझ्याकडे चमचाभरही कमी होत नाही. मग न देण्यात माझा फायदा काय, हा प्रश्न कुणी का विचारत नाही?

दुसरा आक्षेप, 'फुकटचं ते हलकंच असणार.' हे वाक्य मला एका गृहस्थांनी फोनवरून ऐकवलं. फोन अँड्रॉइडचा होता. त्याच्या पोटात लिनक्स आहे आणि ते लिनक्स म्हणजे हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याने १९९१ साली हौस म्हणून सुरू करून वाटलेलं काम. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे संगणकांची यादी निघते; नोव्हेंबर २०१७पासून त्या पाचशेच्या पाचशे संगणकांवर लिनक्स आहे. फुकटाच्या जिवावर बोलायचं आणि फुकटालाच हलकं म्हणायचं, याला काय म्हणावं?

तिसरा आक्षेप जरा वजनदार. 'तुम्ही फुकट वाटलंत तर विकणाऱ्याने खायचं काय?' १९७६ साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहून असंच काहीसं खडसावलं होतं. त्यांची कंपनी विकत असलेल्या बेसिकच्या प्रती लोक परस्पर करून घेत होते. ती तक्रार मला मान्य आहे. दुसऱ्याच्या झाडाचे आंबे न विचारता पाडणं ही चोरीच. पण त्यावरून मी माझ्या झाडाचे आंबेही वाटू नयेत, असं कसं ठरतं? मंडईतल्या आंबेवाल्याचा धंदा माझ्या चार करंड्यांनी बसत असेल, तर त्याने आंबे बदलावेत.

'फुकट देतोय म्हणजे काहीतरी डाव असणार' असंही काहीजण म्हणतात. हा संशय मात्र मी बिनबुडाचा मानत नाही. टॉर्च लावणारं एखादं फुकट अ‍ॅप तुमच्या सगळ्या नातेवाइकांचे नंबर मागतं, तेव्हा गिऱ्हाईक कोण आणि माल कोण हे ओळखावं. पण त्यावर उपाय आहे. देणारा कृती देतो का, ते विचारा. जो लाडवाबरोबर कृतीही लिहून देतो, तो लाडवात काय घालणार? कुणीही जाणत्याने वाचून बघावं.

खरा त्रास देतात ते घेणारे. घेतल्यावर ज्यांना मालकी वाटू लागते ते. 'रंग निळा का नाही?' 'सुधारणा कधीपर्यंत देता?' रात्री साडेअकराला फोन! हे गमतीवारी नेण्यासारखं वाटतं, पण तसं नाही. फायली आवळून लहान करणारा 'एक्सझेड' नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. एक गृहस्थ तो वर्षानुवर्षं जवळजवळ एकहाती, बिनपगारी सांभाळत होते. 'काम फार हळू चाललंय' म्हणून लोकांनी त्यांच्यामागे तगादा लावला. ते थकले. मदतीला धावून आलेल्या एका 'सज्जना'च्या हाती हळूहळू किल्ल्या गेल्या आणि त्याने आत चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४मध्ये एका जागरूक इंजिनियराला संगणकात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, अशी शंका आली, त्याने आत डोकावून पाहिलं आणि जगावरचं संकट टळलं. ज्यांनी कधी एक पैसा दिला नव्हता त्यांच्या कुरकुरीने तो दरवाजा बसवायला वाट करून दिली, आणि संहिता सगळ्यांपुढे उघडी होती म्हणून तो सापडला.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. फुकट घ्या, अगदी हक्काने घ्या. पण घेताना देणाऱ्याला नोकर समजू नका आणि चोरही समजू नका. काही बिघडलं तर सांगा, जमलं तर दुरुस्त करा, आवडलं तर पुढच्या वाटीत घाला. विरजण जितकं फिरतं तितकं ते जिवंत राहतं. कपाटात कुलूप लावून ठेवलेलं विरजण मात्र नुसतं आंबतं, आणि मराठी भाषेच्या खऱ्या अर्थाने तेच फुकट जातं.