आधी कॅबिनेट, मग प्रोसेसर!

होस्टेलवर कुणी नवा पीसी जुळवायचा म्हटलं की अख्खा मजला प्रोसेसरवरून भांडत बसतो. माझं म्हणणं, आधी कॅबिनेट ठरवा. पुस्तकं नि मेसचा डबा ठेवून टेबलावर उरते तेवढ्यात छोटाच पीसी मावणार, आणि छोट्या पीसीत सगळा खेळ मिलिमीटरचा.

माझंच सांगतो. ऑफर दिसली म्हणून १५५ मिमी उंचीचा कूलर उचलला. कॅबिनेटमध्ये त्याला जागा ७० मिमी! दुकानदार म्हणाला, "बॉक्स फोडलाय, परत घेणार नाही." पैसे बाबांचे. घरी अजून बोललेलो नाही (हा अंक घरी न्यायचा नाही हे ठरलंय).

मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७० बाय १७० मिमीचा, त्यावर रॅमचे स्लॉट बहुधा दोनच. ८-८ जीबीच्या दोन काड्या लावून "पुढे वाढवू" म्हणाल, तर त्या काढूनच वाढवाव्या लागतील. एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डवर डीडीआर४ रॅम, एएम५ वर फक्त डीडीआर५. खाचच वेगळी, काडी बसतच नाही. इंटेल कोअरच्या नंबरापुढे 'एफ' असेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणारच. पॉवर सप्लायही बऱ्याच छोट्या कॅबिनेटांना एसएफएक्स आकाराचाच चालतो.

हे सगळं स्पेसिफिकेशनच्या पानावर छापलेलं असतं. ड्रॉइंगची शीट एका रेघेसाठी पुन्हा काढणारे आपण, ते एक पान का वाचत नाही?

कूलर अजून रूमवर पडून आहे. मोठं कॅबिनेट असेल त्याने यावं, निम्म्या किमतीत देईन.