खरं छापलं तरी गुन्हा



तालुक्याच्या पेपरात मधे बातमी आली, 'वनजमिनीवरील अतिक्रमण हटवले'. खाली सहा ओळी. किती घरं कसतात, कधीपासून कसतात, दंडाच्या पावत्या आहेत की नाहीत, एक शब्द नाही. बातमीदार पाड्यावर आलाच नव्हता. फॉरेस्ट ऑफिसातून कागद गेला, तोच छापला. 'अतिक्रमण' हा शब्दही त्या कागदातलाच. बातमीदाराला तरी किती बोलणार? पाड्यावर यायला एस.टी. नाही, आणि ऑफिसातला कागद चहासोबत मिळतो.

पण हे इथलंच दुखणं नाही. आफ्रिकेत नायजेरिया देश आहे. तिथेही इंग्रजांचं राज्य होतं, १९६० साली गेलं. नायजर नदी समुद्राला मिळते त्या भागात ओगोनी लोक राहतात, पाच लाखांच्या आसपास. शेती आणि मासेमारी करून जगणारे. १९५८ पासून शेल कंपनी त्यांच्या जमिनीतून तेल काढू लागली. तेल शेतात सांडलं, खाड्यांचं पाणी नासलं. १९६९ च्या कायद्याने जमिनीखालचं तेल सरकारचं. १९७८ च्या हुकमाने वरची जमीनही गव्हर्नरच्या ताब्यात. इंग्रज गेला तरी कसणारा उपराच. आपल्या डोक्यावर १९२७ चा जंगल कायदा आहे, त्यामुळे हे आपल्याला फोड करून सांगायला नको.

केन सारो-विवा हा ओगोनी लेखक. पेपरात लिहायचा, टीव्हीवर त्याची विनोदी मालिका चालायची. त्याने ओगोनींचं म्हणणं जगापुढे नेलं. ४ जानेवारी १९९३ ला तीन लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी कंपनीला तिथलं काम थांबवावं लागलं. पुढे चार ओगोनी पुढाऱ्यांचा खून झाला, त्याला चिथावणी दिल्याचा आरोप सारो-विवावर ठेवला. सरकारने नेमलेलं खास न्यायमंडळ, वर अपील नाही. १० नोव्हेंबर १९९५ ला लष्करी सरकारने त्याला आणि आठ साथीदारांना फाशी दिली.

तिथले पेपर काय करत होते, हेही ऐका. १९८४ साली लष्करी सरकारने हुकूम नंबर ४ काढला होता. सरकारी माणसाची बदनामी होईल असं छापाल तर तुरुंग, मग छापलेलं खरं का असेना! 'गार्डियन' पेपरचे दोन बातमीदार याखाली आत गेले. बातमी कसली, तर परदेशात राजदूत म्हणून कोणाला पाठवणार याची. १९९३ साली 'द न्यूज' साप्ताहिकावर बंदी आली. त्यांनी 'टेम्पो' नावाने दुसरं काढलं, लपूनछपून छापलं आणि वाटलं. १९९४ साली तीन मोठ्या पेपरांना टाळं लागलं.

आपल्याकडेही १९७५ च्या आणीबाणीत मजकूर सरकारी माणसाला दाखवून मगच छापावा लागे. आज तसा हुकूम नाही. आमचं म्हणणं असं, की आपल्या बाबतीत हुकमाची गरजच पडत नाही. ऑफिसचा कागद पेपरात पोचतो, आपला पोचतच नाही. मग खोटं पाडायला खरं आहे कुठे?

म्हणून हे पत्रक. स्टेन्सिल फाटतं, शाई फुटते, कधी अर्धं पान लागत नाही. पण 'टेम्पो'वाल्यांसारखं हेही उचलून दुसऱ्या घरात नेता येतं.

मात्र बातमी पक्की पाहिजे. 'फॉरेस्टवाल्यांनी लई त्रास दिला' एवढंच लिहून येतं, त्याचा उपयोग नाही. तारीख काय, कंपार्टमेंट नंबर कोणता, किती जण आले, नागली होती की वरई, किती मोडली, दंड घेतला तर पावती दिली का. पंचनाम्यावर कोणाचा अंगठा घेतला आणि आधी वाचून दाखवला का, हे तर नक्कीच लिहा. दिवसा पाड्यावर बायाच असतात, तेव्हा त्यांनी पाहिलेलं त्यांच्याच तोंडून घ्या, पुढाऱ्याच्या नको. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या. पावती असेल तर नक्कल द्या, मूळ कागद घरातच ठेवा, कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही.

पोस्टावर विसंबू नका. बाजाराच्या दिवशी कागद संघटनेच्या ऑफिसात आणून द्या.