अनोळखी फाईलची पारख
पेढीच्या संगणकावर टास्क मॅनेजर उघडला की ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव एकदा नव्हे, अनेकदा दिसते आणि पाहणाऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. वस्तुतः ही विंडोजचीच फाईल. पडद्यामागील निरनिराळ्या सेवा तिच्या आधारे चालतात, म्हणून तिच्या अनेक प्रती एकाच वेळी सुरू असणे स्वाभाविक आहे.

नावापेक्षा पत्ता पाहावा. नावावर उजवी क्लिक करून फाईलचे स्थान उघडावे. अस्सल फाईल विंडोजच्या सिस्टम ३२ या फोल्डरात असते. तीच डाउनलोड्समध्ये सापडली, अथवा नावातील व्ही आणि सी यांची अदलाबदल झालेली दिसली, तर ती तोतया असण्याचा दाट संभव. धनादेशावरील सही नमुन्याशी ताडतात, तशी प्रॉपर्टीजमधील डिजिटल सिग्नेचरही पाहावी; मात्र विंडोजच्या कित्येक खऱ्या फाईलींत ते पान दिसतच नाही, तेव्हा तेवढ्यावरून निकाल देऊ नये. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर अनेक अँटिव्हायरस एकाच वेळी फाईल तपासतात. पण तेथे दिलेली फाईल इतरांच्या हाती जाऊ शकते, हिशेबाच्या फाईली तेथे नकोत.

घाईने फाईल पुसणे हे दुसरे टोक. २००२ मध्ये ‘जेडीबीजीएमजीआर’ ही अस्वलाचे चित्र असलेली फाईल विषाणू आहे, ती पुसून टाका, असा ई-मेल देशोदेशी फिरला. पुष्कळांनी ती पुसली. ती मायक्रोसॉफ्टच्या जावा प्रणालीतील निरुपद्रवी फाईल होती. सामान्य माणसाचे तिच्यावाचून फारसे अडले नाही, एवढेच.