खोली आहे, कागद नाही

जून महिना उजाडला की बुलडाणा, खामगाव, शेगाव, मलकापूर या गावांत खोलीच्या शोधात हिंडणारी माणसे दिसू लागतात. कोणी महाविद्यालयात प्रवेश घेतलेला विद्यार्थी असतो, कोणी बदलून आलेला शिक्षक, तर कोणी कचेरीत नव्याने रुजू झालेला कारकून. त्यांची मागणी माफक असते : एक खोली, मोरी आणि पाण्याची सोय. परंतु भाडे परवडले तर ‘एकट्यास देत नाही’ असे उत्तर मिळते. एकटेपण खपले तर आडनावाची चौकशी होते. जात थेट विचारली जात नाही, एवढीच काय ती सभ्यता!

शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये निघाले, बुलडाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये. संस्था आली की तिच्या मागोमाग शिकणारे आणि राबणारे येणारच. त्यांनी राहावे कोठे, याचा विचार मात्र संस्थेच्या उद्घाटनानंतर सुरू होतो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना २०१६-१७ मध्ये सुरू झाली. तिने जिल्ह्याच्या ठिकाणी निवासासाठी वर्षाला १२,००० रुपये ठरविले, म्हणजे महिन्याला एक हजार. मुंबई-पुण्यासाठी हीच रक्कम २०,००० होती. लहान गावात सारेच स्वस्त, या समजुतीचा हा हिशेब आहे.

घरमालकाच्या बाजूसही काही तथ्य आहे. वऱ्हाडात १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश अर्धशतक लागू होता. भाडेनियंत्रकाच्या लेखी परवानगीवाचून भाडेकरूस खोली सोडण्याची नोटीसही देता येत नसे. एकदा आत आलेला माणूस बाहेर निघत नाही, ही धास्ती त्या काळाने मागे ठेवली. परंतु तो आदेश आता उरलेला नाही. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ चा असून तो ३१ मार्च २००० पासून अंमलात आहे. लीव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपताच जागा परत मिळविण्याचा हक्क त्याच्या २४ व्या कलमाने मालकास दिला. ५५ व्या कलमाने करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे असे बजावले आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे प्रथमदर्शनी ग्राह्य धरले जाते. तेव्हा कागद टाळणारा मालक ज्या संकटास भितो, त्यालाच आमंत्रण देतो.

नुकसान भाडेकरूचेही होते. कागद नसल्याने विद्यार्थ्यास भाड्याने राहत असल्याचा पुरावा देता येत नाही आणि अनामत बुडाली तर दाद मागणे कठीण होते. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर ‘खोली रिकामी करा’ म्हटले की सामान बांधण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. एका खोलीच्या करारास मुद्रांक, नोंदणी शुल्क व मध्यस्थाची फी यांचा बोजा भाड्याच्या मानाने जड होतो. अल्प भाड्याच्या करारांना शासनाने शुल्क माफ करावे. जून-जुलैत महाविद्यालयांच्या आवारातच नोंदणीची सोय करावी. केंद्राने २०२१ मध्ये मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. राज्याने स्वीकारल्यावाचून ते बंधनकारक नसले, तरी ही मर्यादा पाळण्यास कोणाची हरकत असू नये. निवासभत्त्याचा आकडाही गावच्या खऱ्या भाड्याशी जोडला पाहिजे.

आडनावावरून दार लावून घेण्याची वृत्ती केवळ कागदाने जाणार नाही, हे खरे. पण तिला भीतीची जी सबब आज मिळते, ती तरी उरणार नाही. ज्या समाजास मुलांनी शिकावे असे वाटते, त्याने त्यांना निजण्यापुरती जागा सन्मानाने द्यावी, ही अपेक्षा वाजवीपेक्षा मोठी नाही.