बिल यंत्राने लिहावे, पासिंग माणसाने करावे



संगणक येण्यापूर्वी बँकेच्या शाखेत एक जाडजूड रजिस्टर असे. त्यास आम्ही ‘स्टँडिंग इन्स्ट्रक्शन रजिस्टर’ म्हणत असू. कोणत्या खात्यातून, कोणत्या तारखेस, किती रक्कम आवर्त ठेवीचा वा विम्याचा हप्ता म्हणून वळती करावयाची, याची नोंद त्यात असे. खातेदाराने एकदा सही करून दिली की दरमहा आठवण ठेवण्याची जबाबदारी बँकेची. लिपिक सकाळी रजिस्टर उघडून त्या दिवसाची व्हाउचरे तयार करी; परंतु अधिकाऱ्याने ती पाहून सही केल्याखेरीज, म्हणजे पासिंग झाल्याखेरीज, खात्यास हात लागत नसे. आज हे सारे आठवण्याचे कारण एका कुटुंबाचा अनुभव आहे.

नवीन जालन्याच्या मोंढ्यात वजनकाट्यांची दुरुस्ती करणारे एक गृहस्थ माझे जुने खातेदार होते. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. त्यामुळे आडत दुकानांत आणि कारखान्यांत त्यांचे सतत जाणे-येणे असे. गेल्या वर्षी ते अचानक वारले. महिन्याभराने त्यांचा मुलगा त्यांची डायरी घेऊन माझ्याकडे आला. पानोपानी दुकानांची नावे, तारखा आणि ‘काटा पाहिला’ एवढीच नोंद. रक्कम नाही, बिल नाही. दिवाळीत हिशोब करू, ही त्यांची रीत. अनेक व्यापाऱ्यांनी स्वतः बोलावून पैसे दिले, ही मोंढ्याची सचोटी. पण काहींनी सांगितले, “तुमच्या वडिलांशी आमचा हिशोब मिटला होता.” मिटला असेलही. मुलाजवळ कागद नव्हता, म्हणून तो निमूटपणे परतला.

“काकाजी, बाबांना पैसे मागण्याची भीड वाटायची. मलाही वाटते,” तो म्हणाला. त्याने साठ ग्राहकांशी देखभालीचे वार्षिक करार केले आहेत. दर तीन महिन्यांनी बिल, म्हणजे वर्षाला २४० बिले. एका बिलास दहा मिनिटे धरली तरी ४० तास. दिवसभर काटे दुरुस्त करून रविवारी रात्री तो बिले लिहावयास बसे; चार राहून जात, आणि राहिलेले बिल दोन महिन्यांनी पाठविताना पुन्हा भीड वाटे.

मी त्यास प्रथम संगणक उघडू दिला नाही. प्रत्येक ग्राहकाशी एका पानाचा लेखी करार करण्यास सांगितले: कोणती सेवा, किती दर, बिल कोणत्या तारखेस, पैसे किती दिवसांत. करारच तोंडी असेल तर यंत्र तरी काय लिहिणार? त्यानंतर हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये साठ नावे, दर आणि तारखा एकदाच भरल्या. ठरल्या दिवशी बिल आपोआप तयार होते, क्रमांक ओळीने पडतो, मुदतीच्या तीन दिवस आधी आणि सात दिवसांनंतर स्मरणपत्र जाते. स्मरणपत्र सर्वांनाच जाते, म्हणून त्याचा कोणाला राग येत नाही आणि पाठविणाऱ्यास भीड वाटत नाही.

वसुलीसाठी बिलावर क्यूआर कोड छापला. जुलै २०२० पासून यूपीआय ऑटोपेची सोयही आहे. ग्राहकाने पिन टाकून एकदा संमती दिली की १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी पिन न टाकता वळती होते. मात्र २४ तास आधी त्यास सूचना जाते आणि संमती केव्हाही रद्द करता येते. मोंढ्यातील बहुतेकांनी मात्र ही संमती दिली नाही. आपल्या हाताने पैसे देण्यात त्यांना समाधान आहे, त्याचा मान ठेवावा.

कायद्याच्या तीन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. केवळ सेवा देणाऱ्यांस सर्वसाधारणपणे वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. परंतु नोंदणी असेल आणि करारात पैसे देण्याची तारीख ठरली असेल, तर त्या तारखेपर्यंत बिल निघालेच पाहिजे. दुसरे, उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. तिसरे, येणे रकमेच्या दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. तारखेचे बिल हाती असेल, तर हे हक्क सिद्ध करणे सोपे जाते.

पहिल्या तिमाहीत सारे सुरळीत झाले. दुसऱ्या तिमाहीत मुलाने उत्साहाने बिले न पाहताच परस्पर जातील अशी व्यवस्था केली. एका दुकानाचे मालक निवर्तले होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या फोनवर ‘आपली थकबाकी त्वरित भरावी’ असा संदेश पोहोचला. दुसऱ्या एका ठिकाणी दुकान बंद होऊनही बिल निघाले. जीएसटी नोंदणी असती, तर न मिळालेल्या पैशांचा कर दाखवावा लागला असता आणि तो दुरुस्त करण्यासाठी क्रेडिट नोट काढावी लागली असती. कागदावरची चूक कागदाने दुरुस्त होते. त्या घरी मात्र मुलास स्वतः जाऊन हात जोडावे लागले. ज्याने स्वतः वर्षभरापूर्वी वडील गमावले, त्याच्या नावाने तो संदेश गेला होता, याचे त्यास फार वाईट वाटले.

तेव्हा मी त्यास रजिस्टराची गोष्ट सांगितली. व्हाउचर लिहिणारा आणि पास करणारा एक नसावा, हा बँकेचा नियम त्याने घरी लागू केला. आता बिले आणि स्मरणपत्रे आपोआप तयार होतात, परंतु मसुदा म्हणून थांबतात. तिमाहीच्या पहिल्या दिवशी त्याची आई चष्मा लावून साठ नावांची यादी वाचते. वडिलांबरोबर तीस वर्षे संसार केल्याने मोंढ्यातील प्रत्येक दुकान तिला घरासारखे ठाऊक आहे. “यांच्याकडे लग्न आहे, आठवडाभर थांब. यांचा काटा तू दुरुस्त करून दिलाच नाहीस, बिल कसले पाठवतोस? हे पाठव, यांना लवकर दिलेले आवडते.” वाचनास अर्धा तास लागतो. मग ती मान हलवते आणि मुलगा बटण दाबतो.

मागच्या भेटीत मी वहिनींना म्हणालो, “आमच्या शाखेत असता तर तुम्ही पासिंग ऑफिसर झाला असता.” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, यांच्या डायरीत जे लिहिलेले नव्हते, तेवढेच मी सांगते.”