चुकीच्या उतारावरून

पुण्या-मुंबईत गाडी शिकलेल्या माणसाला एक माज असतो. 'इथे चालवली ना, आता जगात कुठेही चालवू!' मलाही होता. डिसेंबर 2019 मध्ये कैरोला जाईपर्यंत.

माझी मावसबहीण, म्हणजे आमची ताई, तेव्हा तिथे नोकरीला होती. राहायची न्यू कैरोत. शहराच्या पूर्वेला वाळवंटात 2000 साली वसवायला घेतलेलं हे उपनगर. काचेची ऑफिसं, मॉल, गेटवर वॉचमन, आत हिरवळ... एकदम ब्रोशरमधल्यासारखं. शुक्रवार, म्हणजे तिकडचा सुट्टीचा दिवस. ताईच्या एका कलीगने जेवायला बोलावलं होतं, सिक्स्थ ऑक्टोबर सिटीमध्ये. हो, हे शहराचं नाव आहे! 6 ऑक्टोबर 1973 ला इजिप्तच्या सैन्याने सुएझ कालवा ओलांडला, त्याची आठवण म्हणून. हे उपनगर 1979 चं आणि तेही वाळवंटातच, फक्त पश्चिमेचं. थोडक्यात काय, तर एका वाळवंटातून निघायचं, कैरोला वळसा घालायचा आणि दुसऱ्या वाळवंटात जाऊन जेवायचं. त्यासाठी रिंगरोड. सुमारे 100 किलोमीटरचा.

गाडी ताई चालवत होती, ब्रेक मी दाबत होते. माझ्या बाजूला ब्रेक नव्हता, ही गोष्ट वेगळी. रस्त्यावर लेनचे पट्टे व्यवस्थित आखलेले, पण ते बहुधा शोभेला. तीन लेनमध्ये पाच गाड्या आरामात. हॉर्नची तर एक भाषाच आहे. आभार, नमस्कार, शिवी, सगळं हॉर्नवर. आणि या हायवेच्या कडेला चक्क माणसं उभी! मायक्रोबसची वाट बघत, हाताच्या खुणांनी कुठे जायचंय ते सांगत. ताई म्हणाली, "खाली राहतात गं ती. वर चढून येतात."

खाली म्हणजे कुठे, ते नाईल ओलांडून गिझाच्या बाजूला गेल्यावर कळलं. हा रस्ता 1980 च्या दशकात बांधायला घेतला तेव्हा एक हेतू असा होता, की शहराने नाईलकाठच्या सुपीक शेतांवर पसरू नये. शहर कसलं ऐकतंय! आता दोन्ही बाजूंना लाल विटांच्या इमारतींची गर्दी, गिलावा न केलेल्या, परवानगी न घेता बांधलेल्या. काही तर इतक्या जवळ, की वाळत घातलेले कपडे मोजता येतील. मध्येच एका फटीतून पिरॅमिड दिसले. मी मोबाइल काढेपर्यंत गायब.

त्या पिरॅमिडच्या नादात ताईने आपलाच उतार समजून भलत्याच उतारावर गाडी घातली. वर लोक बिनधास्त रिव्हर्स मारत होते, पण तिची हिंमत झाली नाही. दोन मिनिटांत आम्ही एका बोळात. समोर भाजीची गाडी, मागे टेम्पो, बाजूला पोरांची फुटबॉल मॅच. ताईचं पहिलं वाक्य, "काच वर घे. दार लॉक कर."

मी केलं. आता लिहितानाही लाज वाटते, पण केलं.

एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा येऊन काचेवर टकटक करायला लागला. आम्ही समोर बघत बसलो. तो टकटक करतोच आहे. शेवटी ताईने बोटभर काच खाली केली. तो एवढंच म्हणाला, "वराया." म्हणजे माझ्या मागे या. आणि जाऊन आपल्या टुकटुकमध्ये बसला. स्पीकरवर ढणढणा गाणं, आणि मागे कोणतं नाव असावं? बजाज! आपल्या आकुर्डीची! मी परक्या देशात दार लॉक करून बसले होते आणि पुढे आपलीच रिक्षा वाट दाखवत होती.

त्याने आम्हाला चार बोळ फिरवून पुन्हा रिंगरोडवर चढणाऱ्या रस्त्याशी आणून सोडलं. ताईने नोट दिली. त्याने रिक्षाचं भाडं होतं तेवढं घेतलं, उरलेले परत दिले आणि गेला.

जेवताना हे सांगितल्यावर ताईचा कलीग हसला. मग त्याने मुतामदियाची गोष्ट सांगितली. गिझातल्या या वस्तीच्या डोक्यावरून रिंगरोड गेला, पण वस्तीला चढायला-उतरायला वाटच दिली नव्हती. 2011 च्या क्रांतीनंतर लोकांनी वर्गणी काढली, मातीचा भराव टाकला आणि स्वतःच चार उतार बांधले! आपल्याकडे वर्गणीतून मांडव उभा राहतो, यांनी हायवेला फाटे फोडले.

ताई गप्पच झाली होती. तीन वर्षं ती त्या रस्त्याने येत-जात होती. खाली उतरली ती त्या दिवशी पहिल्यांदा, तीही चुकून.

पुढे 2020 नंतर रिंगरोड रुंद करायला घेतला, त्यात कडेच्या कितीतरी इमारती पाडल्या. नोव्हेंबर 2021 मध्ये इजिप्तने टुकटुकच्या मुख्य सुट्या भागांची आयात बंद केली. तो पोरगा आता बावीस-तेवीसचा असेल. काय चालवत असेल कोण जाणे.

रात्री परतताना मी तो उतार शोधत होते. वरून दिसलाच नाही. खाली फक्त खिडक्यांमधले दिवे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी तुमचा उतार चुकला, तर लगेच कपाळावर हात मारू नका. काच खाली घ्या आणि कोणालातरी विचारा. रिव्हर्स मात्र मारू नका, आपण कैरोत नाही!