दोष आईचा नव्हे

तीन वर्षांचे मूल बोलत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, खेळण्यातील गाडीचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसते, असे दिसले की भावकीतील बोटे प्रथम आईकडे वळतात. हा धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांचा अडाणीपणा म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. विज्ञाननिष्ठ म्हणविणाऱ्या पाश्चात्त्य जगानेही हाच अन्याय केला होता.

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी योजला. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावरून ती स्वतंत्र अवस्था असल्याचे मांडले. पुढे मात्र आईची माया आटल्यामुळे मूल असे होते, हा समज तज्ज्ञांतच रुजला. ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ मधील पुस्तकाने तो घरोघरी पोहोचविला. वास्तविक बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञ पित्याने १९६४ मध्येच त्याचे खंडन केले होते. १९७७ मध्ये जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा दाखवून दिला आणि आई निर्दोष ठरली.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘न्यूरोडायव्हर्सिटी’चा, म्हणजे मेंदूच्या घडणीतील वैविध्याचा विचार पुढे आला. निराळेपण हा रोग नव्हे, हे त्याचे सार. मात्र निराळेपण मान्य करणे म्हणजे साहाय्य नाकारणे नव्हे. ‘स्वमग्न’ म्हटलेल्या मुलालाही आपुलकी हवी असते. ती व्यक्त करण्याची त्याची रीत तेवढी वेगळी असते.

आपल्याकडे १९९५च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेला स्थान नव्हते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते दिले आणि २०१६च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश केला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांनी अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करावयाची असते. तथापि कायदा कागदावरून उंबरठ्यापर्यंत आपोआप चालत येत नाही. वाशी, भूम, कळंब या भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पथक अंगणवाडीत येते तेव्हा मूल फडावर असते. शिकविण्याची सर्वांत मोलाची वर्षे अशी हातची निसटतात.

हे अंतर माणसेच मिटवू शकतात. तुळजापूर तालुक्यातील अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातील सामान्य स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडविले आणि प्रशिक्षित शेजारीण काय करू शकते, हे दाखवून दिले. त्याच वाटेने प्रत्येक गावात दोघा-चौघांनी स्वमग्नतेची लक्षणे समजून घ्यावीत, पालकांना जिल्हा रुग्णालयापर्यंत सोबत करावी, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी पाठपुरावा करावा. आई तुळजाभवानीला नवस बोलण्यात वावगे काही नाही. मात्र नवस फेडण्याची वाट पाहत तपासणी लांबविणे, हा लेकरावर अन्याय आहे.

कुटुंबव्यवस्था हे आपले बलस्थान, असे आपण अभिमानाने सांगतो. लग्नाच्या मांडवात गोंगाटाने कावरेबावरे झालेले मूल पाहून तिथले लोक त्याच्या आईला टोमणा मारतात, की दोघांना शांत जागा करून देतात, यावर त्या अभिमानाची सत्यता ठरेल.